सत्तावीस गुंठ्यांचा हिशेब : पर्ल भाषेतील बद्ध चल आणि चिन्हांचा अर्थविस्तार

स्मरणिकेसाठी संगणकावर काहीतरी लिहावे, असे संपादक मंडळाने सुचविले, तेव्हा संगणकाचे महत्त्व किंवा संगणक शाप की वरदान यांसारखे विषय आम्ही बाजूला ठेवले. असे लेख आपल्या विद्यार्थ्यांनी पुष्कळ वाचले आहेत. आमच्या हातून घडलेली एक चूक आणि ती सुधारताना शिकलेली एक युक्ती, एवढाच या लेखाचा विषय आहे. चूक लहान होती. परंतु तिच्यामुळे एका शेतकऱ्याचे सत्तावीस गुंठे कागदावरून नाहीसे झाले होते.

काही वर्षांपूर्वी अतिवृष्टीनंतर काही कुटुंबांच्या जमिनीची यादी संगणकावर करून देण्याचे काम आम्ही हौसेने अंगावर घेतले. प्रत्येकाच्या गटांचे क्षेत्र लिहायचे, बेरीज करायची आणि यादी छापायची, एवढेच काम होते. आपल्या हिमायतनगर परिसरात सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर आणि आर यांत असले, तरी बोलण्यात एकर आणि गुंठेच चालतात. म्हणून आम्ही १ एकर १० गुंठे हे १.१० असे आणि १ एकर २० गुंठे हे १.२० असे लिहिले. संगणकाने बेरीज केली आणि छापले : २.३. यादी वाचणाऱ्याने ते २ एकर ३ गुंठे असे वाचले आणि तसेच पुढे लिहिले. खरे क्षेत्र होते २ एकर ३० गुंठे.

चार दिवसांनी ते गृहस्थ आमच्याकडे आले. व्हरांड्यात बसले, पाणी प्याले आणि शांतपणे म्हणाले, "सर, माझे सत्तावीस गुंठे कुठं गेले हो?"

यादी दुरुस्त झाली आणि त्यांचे नुकसान टळले. त्यांचा प्रश्न मात्र आमच्या मनातून गेला नाही. संगणकाने गणितात चूक केली नव्हती, १.१० आणि १.२० यांची बेरीज २.३ हीच आहे. चूक आमची होती. ज्याला एकर-गुंठ्यांचा अर्थ ठाऊक नाही, अशा साध्या आकड्यावर आम्ही एका माणसाची जमीन सोपवली होती. आकड्याला त्याचा अर्थ कसा शिकवावा आणि शिकवलेला अर्थ तो विसरणार नाही याची व्यवस्था कशी करावी, हे दोन प्रश्न तेव्हा आमच्यापुढे उभे राहिले. पर्ल या भाषेत या दोहोंना दोन वेगळी उत्तरे आहेत, आणि ती एकत्र आणली म्हणजेच काम पूर्ण होते.

पर्लविषयी थोडेसे

पर्ल ही संगणकाची भाषा लॅरी वॉल यांनी निर्माण केली. तिची पहिली आवृत्ती १८ डिसेंबर १९८७ रोजी बाहेर पडली. वॉल यांचे शिक्षण भाषाशास्त्राचे होते, आणि त्याची छाप या भाषेवर स्पष्ट दिसते. ज्या पाचव्या आवृत्तीने पर्लला आजचे रूप दिले, ती १७ ऑक्टोबर १९९४ रोजी आली. नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ रोजी स्थापन झाले. म्हणजे आपले विद्यापीठ आणि ही आवृत्ती यांच्या वयात बरोबर एका महिन्याचे अंतर आहे. पर्ल विनामूल्य मिळते, लिनक्सच्या बहुतेक संगणकांत ती आधीपासूनच असते आणि जुन्या, संथ यंत्रावरही ती चालते. आपल्यासारख्या निवासी शाळेच्या दृष्टीने हे गुण कमी महत्त्वाचे नाहीत.

पुढील विवेचनात आज्ञावलीच्या ओळी न देता आज्ञांची नावे देवनागरीत उच्चाराप्रमाणे दिली आहेत. ज्यांना प्रत्यक्ष करून पाहायचे आहे, त्यांना तेवढ्यावरून वाट सापडेल.

पहिली युक्ती : चिन्हाला अर्थ शिकवणे

मराठीतील 'लागणे' हे क्रियापद पाहा. भूक लागते, दिवा लागतो, ठेच लागते, नोकरी लागते, परीक्षेचा निकाल लागतो. क्रियापद एकच आहे, पण प्रत्येक ठिकाणी त्याचा अर्थ निराळा आहे, आणि तो अर्थ शेजारचे नाम ठरविते. ऐकणाऱ्याचा कधीही गोंधळ होत नाही. संगणकाच्या भाषेत अधिकचे चिन्ह हे असेच क्रियापद आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना काय उभे आहे, यावर त्याचा अर्थ ठरावा, अशी सोय पर्लमध्ये आहे. तिला ऑपरेटर ओव्हरलोडिंग म्हणतात. आम्ही तिला 'चिन्हांचा अर्थविस्तार' म्हणू. पर्लमधील 'ओव्हरलोड' हे मॉड्यूल इल्या झाखारेविच यांनी लिहिले.

पद्धत अशी. आपण 'क्षेत्र' नावाचा एक क्लास तयार करतो. या क्लासचा प्रत्येक ऑब्जेक्ट आपल्या पोटात एकच पूर्णांक जपतो : एकूण गुंठे. एक एकर म्हणजे ४० गुंठे, म्हणून १ एकर १० गुंठे म्हणजे ५० आणि १ एकर २० गुंठे म्हणजे ६०. मग 'यूज ओव्हरलोड' या आज्ञेने आपण सांगतो, की क्षेत्रापुढे अधिकचे चिन्ह आले तर आमचे अमुक फंक्शन बोलवावे, वजाचे आले तर तमुक. तुलना करायची असेल तर हे, आणि छापायचे असेल तर ते. आता बेरीज ११० गुंठ्यांची होते, आणि छापताना ४० ने भागून २ एकर ३० गुंठे असे शब्द उमटतात. दशांश चिन्हाचा संबंधच उरत नाही.

केवळ बेरीजच सुधारते असे नाही. ४ एकर १० गुंठ्यांतून १ एकर २० गुंठे वजा करायचे असतील, तर दशांशात उत्तर २.९ येते, खरे उत्तर २ एकर ३० गुंठे आहे. पाच एकरांच्या दोन भावांत वाटण्या केल्या तर दशांशात २.५ येते, आणि ते २ एकर ५ गुंठे असे वाचले जाण्याचा धोका असतो. खरा वाटा २ एकर २० गुंठ्यांचा आहे. तुलनेत तर दशांश उघडच फसवितो. २.९ हा आकडा २.३० पेक्षा मोठा आहे, पण २ एकर ९ गुंठे हे २ एकर ३० गुंठ्यांहून कमी आहेत. वाटणीच्या कागदावर अशी एक चूक झाली, तर सख्खे भाऊ वर्षानुवर्षे एकमेकांशी बोलत नाहीत, हे आपण गावोगाव पाहतो.

चिन्हाला अर्थ देताना काही ठिकाणी अर्थ नाकारावाही लागतो. क्षेत्र गुणिले तीन याला अर्थ आहे. क्षेत्र गुणिले क्षेत्र याला नाही. क्षेत्र भागिले क्षेत्र याचे उत्तर साधा आकडा असते, कारण ते प्रमाण आहे. क्षेत्र अधिक रुपये हे तर निरर्थकच. आमचे फंक्शन अशा वेळी 'डाय' या आज्ञेने काम थांबवते आणि कारण सांगते. चुकीचे उत्तर देण्यापेक्षा उत्तर न देणे बरे, हा हिशेबाचा पहिला नियम आहे.

येथे दोन बारकावे ध्यानात ठेवावेत. पहिला असा, की पर्ल आपल्या फंक्शनला तीन गोष्टी देते : आपला ऑब्जेक्ट, दुसरी बाजू, आणि दोन्हींची अदलाबदल झाली आहे का याची खूण. बेरजेत क्रम बदलला तरी बिघडत नाही, वजाबाकीत बिघडते. डावीकडे साधा आकडा व उजवीकडे आपला ऑब्जेक्ट असला, तरी पर्ल आपला ऑब्जेक्टच आधी देते आणि तिसऱ्या जागी खूण करते. ती खूण न पाहणारा मनुष्य देण्याचे घेणे करून बसतो.

दुसरा बारकावा 'फॉलबॅक' या मुभेचा. ती खरी ठेवली आणि एखाद्या चिन्हाचा अर्थ आपण सांगितलाच नाही, तर पर्ल आधी आपण सांगितलेल्या चिन्हांवरून त्याचा अर्थ जुळवून पाहते, आणि ते न जमल्यास निमूटपणे आपल्या मूळ वागणुकीकडे वळते. आपण गुणाकार सांगितला नसेल आणि इंग्रजी अंकांत '२ एकर ३० गुंठे' असे छापणारे फंक्शन मात्र दिले असेल, तर पर्ल त्या शब्दांच्या आरंभीचा २ तेवढा उचलते आणि तिप्पट म्हणून ६ हे उत्तर देते. तीस गुंठे पुन्हा गेले! म्हणून जमिनीच्या किंवा पैशाच्या हिशेबात ही मुभा सरसकट देऊ नये.

आपल्या आजोबांचे ओव्हरलोडिंग

ही कल्पना नवी वाटली, तरी आपल्या भागातील जुन्या पिढीच्या ती अंगवळणी पडलेली होती. आपला मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, आणि संस्थानाचे स्वतःचे चलन होते. त्याला 'हाली शिक्का' म्हणत. इंग्रजी हद्दीतील रुपया तो 'कलदार'. पैनगंगेपलीकडच्या वऱ्हाडातील बाजारात कलदार चाले, अलीकडे हाली. दोन्ही रुपयेच, दोन्ही सोळा आण्यांचे, आणि आणा बारा पैंचा. परंतु सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार रुपये, असा त्यांचा दर होता. १९४८ साली संस्थान भारतात विलीन झाल्यानंतरही १९५० मध्ये भारतीय रुपया शेजारी आला, तेव्हा हाच ७ : ६ दर चालू राहिला. पुढे हाली रुपया काढणे थांबले आणि १९५९ मध्ये तो पूर्णपणे रद्द झाला. मध्यंतरी १ एप्रिल १९५७ पासून भारतीय रुपयाचे शंभर नवे पैसे झाले होते.

त्या काळच्या दुकानदाराच्या वहीत 'रुपये' हा शब्द दोन ठिकाणी लिहिलेला असला, तरी तो त्यांची थेट बेरीज करीत नसे. साडेतीन रुपये हाली आणि तीन रुपये कलदार यांची किंमत एकच, आणि बेरीज सहा कलदार किंवा सात हाली, हे त्याला तोंडपाठ असे. म्हणजेच अधिकच्या चिन्हाचा अर्थ तो दोन्ही बाजूंची नाणी पाहून ठरवीत असे.

हाच हिशेब पर्लला शिकवायचा असेल, तर दोघांना पुरेल असे लहान माप घ्यावे. रुपयाचे पै १९२. हालीच्या एका पैला ६ घटक आणि कलदारच्या एका पैला ७ घटक धरले, तर हाली रुपया ११५२ घटकांचा आणि कलदार रुपया १३४४ घटकांचा होतो. साडेतीन हाली म्हणजे ४०३२ घटक. तीन कलदार म्हणजेही ४०३२ घटक. पूर्णांकात बेरीज होते, काहीही सांडत नाही. दशांशात मात्र १०० कलदारांचे हाली करताना ११६.६६ पुढे सहांची रांग संपत नाही. खरे उत्तर ११६ रुपये १० आणे ८ पै असे नेमके आहे.

रुपया हा केवळ आकडा नसून तो कशाशी बांधलेला आहे यावर त्याचे मोल ठरते, हा प्रश्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात सखोलपणे मांडला आहे. आमचा विषय त्या मानाने फार लहान आहे; पण आकडा आणि त्याचा आधार यांची फारकत होऊ देऊ नये, हे सूत्र दोन्हीकडे आहे.

दुसरी युक्ती : नाव बांधून ठेवणे

आता अडचण कोठे उरली ते पाहू. अर्थविस्तार हा मूल्याचा गुण आहे, नावाचा नव्हे. 'जमीन' या नावाच्या चलात आपण क्षेत्राचा ऑब्जेक्ट ठेवला आहे. तोपर्यंत सर्व ठीक. उद्या दुसऱ्या कोणी त्याच चलात ३.१५ असा साधा आकडा ठेवला, की जुना ऑब्जेक्ट निघून जातो आणि त्याच्याबरोबर सगळे शहाणपणही जाते. अधिकचे चिन्ह पुन्हा अडाणी होते, आणि कोणाला पत्ताही लागत नाही.

मग बरोबरच्या चिन्हाचाच अर्थ बदलावा, असे कोणालाही वाटेल. ओव्हरलोडच्या यादीत बरोबरचे चिन्ह आहेही. परंतु ते फसवे आहे. तेथे त्याचा अर्थ 'प्रत काढणे' असा आहे. दोन नावे एकाच ऑब्जेक्टकडे बोट दाखवीत असताना एकाचे मूल्य जागच्या जागी वाढवायचे झाले, तर दुसऱ्याचे बदलू नये म्हणून आधी प्रत काढावी लागते. त्या प्रसंगी ते फंक्शन बोलावले जाते. चलात नवे मूल्य ठेवण्याची क्रिया ओव्हरलोडच्या कक्षेबाहेर आहे.

येथे 'टाय' ही आज्ञा कामास येते. टाय म्हणजे बांधणे. साधा चल हा कोनाड्यासारखा असतो. कोणीही यावे, ठेवावे, उचलावे. बद्ध चल हा कोठारासारखा असतो. त्याच्या दाराशी कोठारप्रमुख बसलेला असतो. चल बांधताना 'टायस्केलर' हे फंक्शन एकदा चालते आणि कोठारप्रमुखाची नेमणूक करते. त्यानंतर त्या चलातून मूल्य वाचले की 'फेच' चालते, आणि त्यात मूल्य ठेवले की 'स्टोअर' चालते. वापरणाऱ्याला हा चल साध्या चलासारखाच दिसतो. 'टाइड' या आज्ञेने दारावरच्या प्रमुखाला गाठता येते, आणि 'अनटाय' ने त्याला मोकळे करता येते.

ही कल्पनाही अचानक उगवलेली नाही. डिस्कवरील फाइल एखाद्या हॅशला जोडून ठेवण्याची सोय पर्लमध्ये आधीपासून होती. पाचव्या आवृत्तीत तिलाच व्यापक रूप मिळाले. साधा चल, अॅरे आणि हॅश हे तिन्ही बांधता येतात. गट क्रमांक सांगितला की क्षेत्र देणारा बद्ध हॅश जमिनीच्या यादीसाठी फार सोयीचा पडतो.

दोन्ही एकत्र

आता जोडणी करू. 'जमीन' हा चल आपण बांधतो. त्याचे स्टोअर फंक्शन दारावर तपासणी करते. क्षेत्राचा ऑब्जेक्ट आला तर आत घेते. '२ एकर ३० गुंठे' असा मजकूर आला तर त्याचा ऑब्जेक्ट करून आत घेते. ३ एकर ५० गुंठे असे आले तर नाकारते, कारण चाळिसापुढचे गुंठे बहुधा लिहिणाऱ्याची चूक असते. आणि दशांश चिन्ह असलेला आकडा आला तर स्पष्ट नकार देते. कारण आज्ञावलीत संख्या म्हणून लिहिलेला २.३० हा स्टोअरच्या हाती पडेपर्यंत २.३ झालेला असतो, आणि त्याचा हरवलेला शून्य कोणालाही परत आणता येत नाही.

येथे मराठीत काम करणाऱ्यांसाठी एक खास इशारा आहे. पर्लमध्ये योग्य ती आज्ञा दिली, तर चलांची नावे देवनागरीत ठेवता येतात. परंतु देवनागरी अंकांचे गणित पर्ल आपण होऊन करीत नाही. देवनागरीत लिहिलेला ३० हा मजकूर बेरजेत शून्य धरला जातो. गंमत अशी, की 'हा अंक आहे का' हे तपासणारी नेहमीची खूण त्याच देवनागरी ३० ला अंक म्हणून मान्यता देते. म्हणजे तपासणीत उत्तीर्ण आणि हिशेबात शून्य! म्हणून स्टोअरने प्रथम देवनागरी अंकांचे इंग्रजी अंक करून घ्यावेत आणि मगच पुढे जावे. अक्षरांची अदलाबदल करणाऱ्या एका आज्ञेने हे काम होते.

आता 'एकूण' हाही बद्ध चल आहे असे समजा, आणि त्यात 'जमीन' मिळवायची आहे. तेव्हा पुढील गोष्टी घडतात. प्रथम दोन्ही चलांचे फेच चालते आणि क्षेत्राचे दोन ऑब्जेक्ट बाहेर येतात. मग अधिकच्या चिन्हाला शिकवलेला अर्थ लागू होऊन नवा ऑब्जेक्ट तयार होतो. शेवटी 'एकूण' चे स्टोअर चालते आणि तो नवा ऑब्जेक्ट तपासून आत घेते. बेरीज करणाऱ्याने मात्र एकच साधी ओळ लिहिलेली असते. अर्थ मूल्याने जपला, शिस्त नावाने जपली.

स्टोअरकडून आणखी एक काम आम्ही करून घेतले. दर वेळी जुने क्षेत्र, नवे क्षेत्र आणि वेळ यांची नोंद ते एका वेगळ्या फाइलमध्ये करते. चांगल्या वहीत चुकीचा आकडा खोडरबराने पुसत नाहीत. त्यावर रेघ मारून शेजारी नवा लिहितात. 'माझे सत्तावीस गुंठे कुठं गेले' असे कोणी विचारले, तर आता उत्तर देता येते.

सावधगिरीच्या काही गोष्टी

या जोडणीत आम्ही ज्या ठिकाणी अडखळलो, ती ठिकाणे सांगणे आमचे कर्तव्य आहे.

एक. बंधन नावाचे असते, मूल्याचे नव्हे. बद्ध चलाचे मूल्य दुसऱ्या साध्या चलात घेतले, की अर्थ बरोबर येतो पण पहारा येत नाही. फंक्शनला दिलेले मूल्य आत नव्या नावाने घेतले, तरी हेच घडते. मधल्या आकडेमोडीला हे चालते. अंतिम उत्तर मात्र पुन्हा बद्ध चलातच ठेवावे.

दोन. फेचने आपल्या पोटातला मूळ ऑब्जेक्टच बाहेर दिला आणि बाहेर कोणी तो जागच्या जागी बदलला, तर दाराला न विचारता कोठारातील माल बदलतो. म्हणून क्षेत्राचा ऑब्जेक्ट एकदा तयार झाला की बदलू नये, प्रत्येक क्रियेने नवा ऑब्जेक्ट द्यावा, अशी शिस्त ठेवावी. 'मिळवून ठेव' या चिन्हाचा वेगळा अर्थ न सांगता केवळ अधिकचा सांगितला, तर पर्ल त्यावरूनच ते काम भागविते आणि ही शिस्त आपोआप पाळली जाते.

तीन. स्टोअरच्या आतून त्याच बद्ध चलात पुन्हा मूल्य ठेवू नये. आतला माल आतल्या जागीच ठेवावा.

चार. एका ओळीत तोच बद्ध चल दोनदा आला, तर फेचही दोनदा चालते. फेच जर फाइलमधून ताजा दर वाचीत असेल, तर एकाच ओळीत दोन वेगळे दर मिळणे अशक्य नाही. अशा वेळी मूल्य आधी साध्या चलात घ्यावे आणि मग आकडेमोड करावी.

पाच. दर वाचनाला आणि दर लेखनाला फंक्शन चालत असल्याने काम मंदावते. लाखो आकड्यांच्या आतल्या आकडेमोडीत बद्ध चल वापरू नयेत. जेथे माणूस आकडा आत घालतो आणि जेथे अंतिम उत्तर ठरते, त्या दोन दारांवरच पहारा असावा.

सहा, आणि हे सर्वांत महत्त्वाचे. पर्लची आवृत्ती पाहून घ्यावी. ५.१४ या आवृत्तीपूर्वी या दोन युक्तींचे आपसात पटत नसे. पर्लच्या बहुतेक क्रिया प्रथम समोरच्या मूल्याला काही विशेष अर्थ आहे का ते पाहत, आणि नंतर तो चल बद्ध आहे का ते पाहत. क्रम उलटा होता. दार उघडण्यापूर्वीच 'आत काही विशेष नाही' असा निर्णय होई. आणि मग बद्ध अॅरेमधून बाहेर आलेला शहाणा ऑब्जेक्टही बहुतेक वेळा साधाच समजला जाई. ऑब्जेक्टला साधा आकडा समजले, तर त्याचा स्मृतीतील पत्ताच संख्या म्हणून हाती येतो. म्हणजे २ एकर ३० गुंठ्यांच्या जागी कोट्यवधींचा निरर्थक आकडा. मे २०११ मध्ये आलेल्या ५.१४ मध्ये हा क्रम सुधारला, आणि बद्ध चलांची फंक्शने गरजेपेक्षा जास्त किंवा कमी वेळा चालण्याच्या अनेक जागाही दुरुस्त झाल्या. शाळेच्या जुन्या संगणकावर काम करताना आवृत्ती विचारण्याची सवय म्हणूनच लावावी.

शेवटी

विद्यार्थिमित्रांनो, ही एवढी व्यवस्था एका शून्यासाठी कशाला, असे तुमच्या मनात येईल. आम्हांलाही प्रथम तसेच वाटले होते. परंतु यादीतला प्रत्येक आकडा कोणाच्या तरी घरचा असतो. आपल्यापैकी अनेकांच्या घरी एकरांत मोजण्याइतकी जमीन नाही. काहींच्या घरी ती मुळीच नव्हती, आणि जी आहे ती मोठ्या कष्टाने मिळाली आहे. अशा घरांत सत्तावीस गुंठे म्हणजे हंगामाची तूर, बहिणीची फी आणि सावकाराकडे न जाण्याचे बळ असते. आकडा लिहिणाऱ्याला तो एक शून्य दिसतो. ज्याचा तो आकडा आहे, त्याला शेत दिसते.

तुमच्यापैकी कोणी पुढे तलाठी कार्यालयात बसेल, कोणी बँकेत, कोणी मोठ्या शहरातील संगणक कंपनीत. पर्ल तेव्हा वापरात असेल किंवा नसेल. पण आकड्याचा अर्थ त्याच्याजवळच राहावा आणि तपासणीवाचून कोणालाही तो बदलता येऊ नये, या दोन गोष्टी कोणत्याही भाषेत लागतील. वसतिगृहाच्या धान्यवहीपासून त्यांचा सराव सुरू करता येतो. तेथे किलो आणि ग्रॅम आहेत, आणि साडेतीन किलोचे पस्तीस ग्रॅम करणारा दशांश तेथेही टपलेला आहे.

ते गृहस्थ अजूनही अधूनमधून बाजारात भेटतात. आम्ही दिसलो की हसून विचारतात, "सर, हिशेब बराबर आहे ना?" आम्ही "होय" म्हणतो, आणि संध्याकाळी नोंदीची फाइल पुन्हा एकदा उघडून पाहतो.